जगबुडीनंतरची पंगत

जग बुडाल्यावर माणसाने कसं वागावं याबद्दल माझी मतं पक्की होती. रोह्याच्या शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पूर, भूकंप, लाव्हा, सगळं रंगीत खडूंनी फळ्यावर काढून झालेलं. त्यामुळे आमच्या मृणालीने पुण्याहून फोन करून सांगितलं की तिच्या कंपनीचा नवा खेळ लोक अर्ध्या तासात सोडून पळतायत, तेव्हा मी एवढंच म्हणालो की हल्लीची माणसं कच्ची आहेत.

मृणाली कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. हे वाक्य मी आता न अडखळता म्हणतो. पूर्वी कोणी विचारलं तर ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ म्हणून विषय बदलायचो. या खेळाचं नाव ‘ओहोटी’. समुद्र वर आला, शहरं गेली, वीज गेली, सरकारही गेलं (ते गेल्याचं खेळातल्या लोकांना जरा उशिराच कळतं), आणि एका खाडीच्या काठी थोडी माणसं उरली. त्यांनी मासे धरायचे, गोडं पाणी शोधायचं, चूल पेटती ठेवायची आणि जमेल तसं एकमेकांना लुटायचं. देशभरातली माणसं आपापल्या घरी बसून त्या एकाच खाडीवर उतरतात. खेळताना एकमेकांशी बोलताही येतं, पण बहुतेक जण बोलण्याऐवजी कुऱ्हाड चालवतात.

खेळून गेलेल्यांचे अभिप्राय तिने आईला वाचून दाखवले. धुकं बघून अंगावर शाल ओढावीशी वाटते, असं एकाने लिहिलं होतं. चिखलात पाय रुतल्याचा आवाज ऐकून दुसऱ्याला आजोळ आठवलं. पण म्हशी जमिनीपासून पुरुषभर वर तरंगतात. दारातून जाताना माणूस अडकला की अडकला. आणि भूक! तुम्ही मशीन बंद करून खुशाल झोपा, तुमचा खेळातला माणूस तिथे उभाच्या उभा भुकेजत राहतो आणि सकाळी मेलेला सापडतो. मालकाने सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत माणसं टिकताना दिसली नाहीत तर ‘ओहोटी’ कायमची बंद. पोरीने त्यात तीन वर्षं घातली होती. हे सांगताना ती आईजवळ रडली. माझ्याजवळ नुसतं ‘हो बाबा’ म्हणाली. ते मला लागलं.

मी ठरवलं, आपण खेळायचं. फार काही करायचं नव्हतं. त्या खाडीवर दोन माणसं वाढवायची, एक मी आणि एक चंद्रावती, म्हणजे माझी बायको.

स्टेशन रोडच्या मितेशने आमचा जुना कॉम्प्युटर पाहिला, तोंडाने च्यक् च्यक् केलं आणि तो दारामागे ठेवायला चांगला आहे असं सांगितलं. मग नवीन यंत्र आलं. ‘सर, या खेळात वातावरण महत्त्वाचं,’ असं म्हणून त्याने दोन भलेमोठे स्पीकरही आणून बसवले. पहिल्याच दिवशी यंत्र, फ्रिज आणि शेगडी एकदम चालू झाली आणि घरातली वीज गेली. खेळातली आधीच गेलेली होती. भार वाढवून घ्यायला मी वीज कार्यालयात गेलो, तर मीटर अजून बिल्डरच्या नावावर, आणि बिल्डर वारलेला. अर्जात कारणाच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘जगबुडीनंतर जगण्याचा सराव’ असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सहानुभूतीने म्हणाल्या, ‘सर, घरगुती लिहा. सगळे घरगुतीच लिहितात.’ माझ्या हाताखालून शिकून गेलेली मुलगी निघाली ती. मी खाडाखोड केली.

त्यानंतर भोंग्याचं प्रकरण झालं. ‘ओहोटी’त भरती यायच्या आधी भोंगा वाजतो. मृणालीने तो इतका हुबेहूब केला होता की काय सांगू. आमच्या रोह्यात रासायनिक कारखान्यांच्या कृपेने लहान पोरालाही माहीत असतं, भोंगा झाला की नाकाला ओला रुमाल लावायचा, झाडाची पानं कुठे हलतायत ते बघायचं आणि वाऱ्याला आडवं चालायला लागायचं. मी खेळ चालू करून आंघोळीला गेलो होतो. भोंगा वाजला. सगळी सोसायटी रुमाल भिजवून खाली उतरली आणि शिस्तीत अष्टमी गावाच्या रस्त्याने चालू लागली. सगळ्यांत पुढे मी होतो, पंच्यावर, आणि मागच्यांना वाऱ्याची दिशा समजावून सांगत होतो. नाक्यापर्यंत गेल्यावर एका शेजाऱ्याच्या मोबाइलवर चंद्रावतीचा फोन आला, की अहो, तुमचा तो खेळ बंद कसा करायचा?

सोसायटीच्या सेक्रेटरी दिपिकाताईंनी संध्याकाळी फळ्यावर नोटीस लावली, ‘सभासदांनी जगबुडी हेडफोन लावून करावी.’ नाव घातलं नव्हतं. पण वाचताना प्रत्येक जण माझ्या दाराकडे बघत होता.

त्या नोटिशीने एक मात्र झालं. सगळ्यांना उत्सुकता लागली. दिपिकाताईंनी आधी चौकशी म्हणून खेळ पाहिला आणि मग रोज चौकशी करू लागल्या. मितेश दुकानात बसूनच खाडीवर उतरायचा. आणि आमच्या समोरच्या दारातले अब्राहमभाऊ अष्टमकर आले. अब्राहमभाऊंची मुलं इस्राएलला, बायको रेबेका वारून काही वर्षं झालेली. मुलाने व्हिडिओ कॉलसाठी चांगलं मशीन घेऊन दिलं होतं. त्यावर त्यांनी ‘ओहोटी’ची खाडी पाहिली आणि म्हणाले, ‘सर, हिथं घर बांधायला परमिशन लागत नाय ना?’

प्रत्येकाचे सल्ले सुरू झाले. मितेश म्हणे आधी कुऱ्हाड. दिपिकाताई म्हणत आधी कुंपण, मग कमिटी. मी कोणाचं ऐकलं नाही. मी खाडीकाठी उतरलो, क्षितिज न्याहाळलं आणि तहान लागली म्हणून ओंजळभर पाणी प्यायलो. खाडीचं पाणी. भूगोल शिकवलेला माणूस खारं पाणी पिऊन मेला, ही बातमी संध्याकाळपर्यंत दोन्ही जिन्यांवर पोचली होती. पुढच्या वेळी मी दारात अडकून मेलो. त्यानंतर एकदा तरंगत्या म्हशीखालून जाताना ती अचानक जमिनीवर आली. मेल्यावर या खेळात लांबच्या किनाऱ्यावर रिकाम्या हाताने पुन्हा सुरुवात करावी लागते. तो किनारा मला आमच्या गल्लीसारखा पाठ झाला.

चंद्रावती मात्र एकदाही मेली नाही. तिचं माहेर खाडीकाठच्या गडब गावचं. तिने झोपडी बांधली, चूल मांडली, आणि चिखलातल्या बिळात हात घालून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढल्या. यंत्र एकच असल्याने सकाळी मी खेळायचो आणि जेवणं आटोपली की ती बसायची. तिच्या पाळीत मी मागे उभा राहून मार्गदर्शन करी. एकदा ती वळून न बघता म्हणाली, ‘जरा उजेड सोडा.’

मग आला शुक्रवार. दुपारी अब्राहमभाऊ दारात आले आणि उगाच हवापाण्याच्या गोष्टी करत उभे राहिले. चंद्रावतीच्या लक्षात आलं. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत अब्राहमभाऊ शब्बाथ पाळतात. चुलीला हात नाही, बटणाला हात नाही, यंत्राची तर गोष्टच सोडा. आणि इकडे खेळातली भूक काही शब्बाथ पाळत नव्हती. त्यांचा माणूस आमच्या शेजारच्याच झोपडीबाहेर उभा, पोटात काही नाही. उद्या संध्याकाळपर्यंत नक्की मेला असता. ते तोंडाने काही मागेनात, कारण दुसऱ्याला करायला सांगणंही त्यांच्यात बसत नाही. नुसतं म्हणाले, ‘बघू. त्याच्या नशिबात आसल ता व्हईल.’

मी त्यांना समजावलं की खेळाचा हेतूच तो आहे. दुर्बळ जातात, सबळ टिकतात. मी हे खेळात नऊ वेळा गेलेला माणूस म्हणून बोलत होतो.

चंद्रावती माझ्याकडे वळली. ‘शेजारचा मानूस उपाशी ठेवून आपण जेवायचं? असं कंदी झालंय आपल्या घरात?’ रागावली की तिची भाषा थेट गडबला जाते.

दिवस मावळल्यावर ती बसली. चूल पेटलेली, भांडं चिंबोऱ्यांनी भरलेलं. मग तिला आठवलं, अब्राहमभाऊ चिंबोरी खात नाहीत. त्यांच्या धर्मात मासा खवल्यांचा हवा. मी म्हटलं, अगं, खेळातल्या माणसाला कसला धर्म? पण मागच्याच आठवड्यात मी हेच खुद्द त्यांना विचारलं होतं, खेळात कोण बघतंय म्हणून, आणि ते म्हणाले होते, ‘मी बघतोय ना.’ तेव्हा तिने चिंबोऱ्या बाजूला काढल्या, खाडीत उतरून बोय मासे धरले, शिजवले आणि अब्राहमभाऊंच्या माणसापुढे जाऊन एक बटण दाबलं. ‘द्या’ असं लिहिलेलं ते बटण मी तोवर पाहिलंच नव्हतं. माणसाने खाल्लं. त्याचं पोट भरलं. आणि तिच्या भांड्यातलं कालवण जेवढं होतं तेवढंच राहिलं.

मी डोळे चोळले. तिला काही विशेष वाटलं नाही. ‘अन्नाला बरकत असते,’ ती म्हणाली, आणि जाता जाता पलीकडच्या झोपडीतल्या दिपिकाताईंच्या बाईलाही वाढलं. तरी भांडं भरलेलंच.

शनिवारी दुपारी तिच्या दारात एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. हातात कुऱ्हाड, गळ्यात कवट्यांची माळ, डोक्यावर नाव ‘साईराज’. (हा नगरला विम्याच्या ऑफिसात असतो, हे मागाहून कळलं.) हेडफोनातून त्याचा घोगरा आवाज आला, ‘काकू, मी तुम्हाला लुटायला आलोय.’

‘लूट हो,’ चंद्रावती म्हणाली. ‘आधी जेवून घे. कधीचा चालतोयस?’

कुऱ्हाड खाली ठेवण्याचं बटण कुठलं, असं त्याने तिलाच विचारलं. जेवला. दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना घेऊन आला. खाडीजवळ एक काकू जेवायला घालतात, ही बातमी खेळात कुठच्या कुठे गेली. कोण कुठले लोक, कोणी फाटके, कोणी चिलखत घातलेले, तिच्या झोपडीपुढे रांगेत बसायला लागले. दिपिकाताईंनी ताबडतोब पंगतीची कमिटी केली. हत्यारं बाहेर ठेवायची, दुसऱ्याच्या पानात बघायचं नाही, जेवून झालं की जागा सोडायची. अब्राहमभाऊंनी खवल्यांच्या माशांची चूल वेगळी मांडली. मितेश लाकडं तोडून आणायचा. मी स्वागताला दारात उभा राहायचो, आणि दोनदा तिथेच अडकलो.

त्या आठवड्यात मृणालीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नुसता नाचत होता. माणसं टिकतायत, बाबा, खेळ सोडून कोणी जातच नाहीये. मी अर्थातच श्रेय थोडं माझ्याकडे ठेवून सगळी हकीकत सांगितली. तिने विचारलं, ‘तुम्ही कुणाला काही दिलंत?’

चूक तिचीच होती. चोरी केली, मारामारी केली, झोपडी जाळली, तर कोणाकडून काय कमी व्हायचं आणि कोणाला काय मिळायचं, हे त्यांनी महिनोन्‌महिने तपासलं होतं. देऊन बघितलं तर काय होतं, ते कंपनीत कोणी एकदाही तपासलं नव्हतं. दिलेलं अन्न देणाऱ्याकडून वजाच होत नव्हतं.

हे मालकाच्या कानावर गेल्यावर तो म्हणाला, जगण्याच्या झगड्याचा खेळ आणि यात सगळे ढेकर देऊन बसलेत. ही फुकटात जमलेली गर्दी आपल्याला मोजायची नाही. चूक काढा. चूक काढल्यावर या शेवटच्या शनिवारी किती जण टिकतात ते बघू, नाहीतर टाळं. आणि काढायची कोणी, तर मृणालीने. तिने आईला फोन केला. चंद्रावतीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणजे माझी चूल तू विझवणार.’ मग तीच पुढे म्हणाली, ‘कर बाय. तुझं काम हाय ता.’ फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि नसलेली भांडी घासत बसली.

शुक्रवारी दुपारी दुरुस्ती झाली. मी चंद्रावतीला स्पष्ट सल्ला दिला: दार लावून घे, भांडं झाकून ठेव, कोणाला ओ देऊ नकोस. उद्या आपल्या लेकीच्या खेळाचा निकाल आहे, त्यात तू तरी जिवंत राहा. मी स्वतः माझ्या झोपडीत सुके बोंबील जमवून ठेवले होते. तिने मान डोलावली. मग दिवस मावळल्यावर अब्राहमभाऊंच्या माणसाला वाढलं, आणि भांडं खरोखरच खाली गेलं. नेहमीची माणसं दारात होतीच. तिने एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा रांगेकडे, आणि वाढत गेली. साईराज सगळ्यात शेवटी होता. त्याला वाढलं तेव्हा खरवड निघाली. त्याने विचारलं, काकू, तुम्हाला? ती म्हणाली, माझं झालंय मघाशीच.

काही झालेलं नव्हतं. मी मागेच उभा होतो.

शनिवारी सकाळी तिला गडबला भाचीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. ते काही चुकवता येण्यासारखं नव्हतं. जाताना यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, ‘तिच्याकडे लक्ष ठेवा.’ एवढं तिने माझ्यावर लग्न झाल्यापासून काही सोपवलं नसेल. खेळातली तिची बाई झोपडीबाहेर उभी होती, उपाशी, आणि दिवसभर कोणी खायला दिलं नाही तर संध्याकाळी पडणार. ती पडली तर चूल गेली, आणि चूल गेली तर माणसं पांगणार, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं.

तिचा पासवर्ड तिने मला कधी दिला नव्हता, म्हणून मी लगेच माझ्याच नावाने आत शिरलो आणि बोंबील घेऊन माझ्या झोपडीतून निघालो. दारात अडकलो. मेलो.

लांबच्या किनाऱ्यावर उठलो, रिकाम्या हाताने. तिथल्या चिखलात महत्प्रयासाने एक बोय धरला, काटक्या पेटवून शिजवला, आणि चालायला लागलो. वाट मला पाठ होती, म्हणून मी भूगोलाच्या आधारे जवळचा रस्ता काढला आणि पार दुसऱ्याच डोंगरावर पोचलो. धुकं उतरलं. खरंच, काय धुकं केलंय पोरीने. माझा माणूस खोकायला लागला, तसा मीही खोकलो. भूक लागल्याची लाल खूण लुकलुकत होती, हातात शिजवलेला मासा होता, पण तो मी खाल्ला नाही. मी यंत्रासमोरून जेवायलाही उठलो नाही, कारण थांबलो असतो तर तोही तिथे थांबून भुकेने मेला असता. दुपार टळली. दिपिकाताईंनी दारावरून विचारलं, सर, बरे आहात ना? मी म्हटलं, बोलू नका, चालतोय.

उन्हं कलता कलता मला चंद्रावतीची झोपडी दिसली. झोपडीभोवती ही गर्दी. चिलखतं, भाले, कवट्यांची माळ. मला वाटलं, संपलं, लुटली. मी धावत जाऊन आत घुसायला लागलो तर साईराज आडवा आला. ‘काका,’ तो म्हणाला, ‘रांगेत या.’

रांग लागली होती. जो तो आपापल्या भांड्यातलं चंद्रावतीच्या बाईपुढे नेत होता, आणि आता ते ज्याच्या त्याच्या भांड्यातून खरंच कमी होत होतं. कोणी अर्धा मासा, कोणी मूठभर भात. सकाळपासून चाललंय म्हणे. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा मी ‘द्या’ दाबलं, तर पडद्यावर अक्षरं आली, ‘हिचं पोट भरलेलं आहे.’ अख्खा दिवस चालून आलेल्या नवऱ्याला.

मी मासा घेऊन बाजूला झालो. आता तो खायला माझी काही हरकत नव्हती. खायचाच होता. तेवढ्यात शेजारच्या झोपडीकडे नजर गेली. अब्राहमभाऊंचा माणूस तिथे एकटाच उभा होता, मान खाली घालून. सगळी गर्दी इकडे, चंद्रावतीने काल वाढल्यापासून त्याच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माझी लाल खूण लुकलुकायची थांबून आता नुसतीच लाल राहिली होती, म्हणजे आता थोडेच क्षण होते. मी ‘द्या’ दाबलं. त्याने मान वर केली. मी पडलो.

लगेच फोन वाजला. मृणाली पुण्यात बसून दिवसभर बघत होती. ‘बाबा, तुम्ही मेलात,’ ती म्हणाली आणि रडायलाच लागली. या खेपेला माझ्याजवळ रडली. मग नाक ओढत तिने सांगितलं की कोणी गेलंच नाही, मालक स्वतः येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, खेळ चालू राहणार. त्याने तिला विचारलं म्हणे, यात तू नवीन काय घातलंस? ती म्हणाली, काही नाही, होतं ते काढून घेतलं.

चांदण्या दिसल्या तसे अब्राहमभाऊ दारात आले. मी म्हटलं, जेवला तुमचा माणूस. त्यांनी नुसता माझा हात धरला. त्यांच्यामागून चंद्रावती जिना चढून आली. तिने पिशवी ठेवली, घाम पुसला आणि पहिलं विचारलं, ‘माझी बाई?’

‘जेवली. खेळही राहतोय.’

ती मटकन खुर्चीत बसली. डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, ‘आणि तुम्ही?’

‘मी मेलो,’ मी म्हणालो.

‘बरं,’ ती उठत म्हणाली, ‘मग हात धुऊन घ्या, पान वाढते.’